आधी ऊब

चौकटीच्या वहीचं एक पान मी अजून जपून ठेवलं आहे. डाव्या बाजूला रंगांची नावं एकाखाली एक: लाल, हिरवा, निळा, जांभळा, पांढरा, पिवळा. वर दिवस, आणि चौकटींत ग्रॅम. लालपुढे ३२०, ३१४, ३३८, ३६२ असे आकडे चढत गेले आहेत. हिरव्याचं आणि जांभळ्याचंही तसंच. पिवळ्यापुढे दोनच आकडे आहेत, २०८ आणि १९६. त्यापुढची चौकट रिकामी आहे. तिच्यावर रेघ मारायला माझा हात झाला नाही.

आमची कुत्री सावळी सहा पिल्लांना व्याली त्या रात्री हे पान सुरू झालं. रंग म्हणजे पिल्लांच्या गळ्यात सैलसर बांधलेले लोकरीचे धागे. एकाच वेताची पिल्लं, सगळी काळीसावळी, ओळखायची कशी म्हणून डॉक्टरांनीच ही युक्ती सांगितली होती. धागा रोज तपासायचा, मान भरत जाते तसा सैल करायचा. पिवळा धागा सगळ्यात शेवटी कापला, कारण पिवळा सगळ्यात शेवटी आला.

पाच पिल्लं दोन-अडीच तासांत झाली होती. मग सावळी थांबली. पिल्लांना चाटत, मध्येच डोळे मिटत, अंग सैल सोडून पडून राहिली. मी फोन केला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "जोर करतेय का?" मी नाही म्हटलं. "मग दोन तासांपर्यंत वाट बघायला हरकत नाही. पण अर्धा तास सलग कळा देतेय आणि बाहेर काहीच येत नाही, असं झालं तर एक मिनिट थांबू नकोस, घेऊन ये." जवळजवळ पावणेदोन तासांनी सावळी उठून बसली, दोन-तीन कळा आल्या आणि सहावं पिल्लू पिशवीसकट बाहेर आलं. ती इतकी दमली होती की तिने मान वळवून नुसतं पाहिलं. पिशवी मी फाडली. आतलं पिल्लू ओल्या चिंधीसारखं लिबलिबीत होतं.

घरात कोणीतरी म्हणालं, उलटं धरून झटका दे, नाकातलं पाणी निघून जाईल. पूर्वी असं सर्रास करत. फोन चालूच होता, डॉक्टरांना ते ऐकू गेलं आणि त्या जवळजवळ ओरडल्याच, "झटकू नका! मेंदूत रक्तस्राव होतो. डोकं थोडं खाली ठेव, नाकतोंड पूस, आणि टॉवेलनं पाठ चोळ. चोळत राहा." मी चोळत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मध्येच त्या विचारत होत्या, जिभेचा रंग कसा आहे, पाय चिमटला तर ओढून घेतंय का, आवाज करतंय का. नंतर कळलं की ही चौकशी उगीच नव्हती. माणसाचं बाळ जन्मलं की पहिल्या काही मिनिटांत त्याला गुण देण्याची जी पद्धत व्हर्जिनिया ॲपगर यांनी १९५३ साली मांडली, तीच थोडी बदलून पशुवैद्य कुत्र्याच्या पिल्लांनाही लावतात. हृदयाचे ठोके, श्वास, हालचाल, चिमटा घेतल्यावर होणारी धडपड, हिरड्यांचा रंग. पिवळ्याचे गुण त्या मिनिटाला फार कमी असणार. पण मग त्याची जीभ जांभळटाची गुलाबी झाली, छाती एकदा आत गेली, आणि एक बारीकसा आवाज निघाला, दाराची बिजागरी करते तसा. मी टॉवेलात तोंड खुपसून रडले.

२०८ ग्रॅम. लाल ३२० होता.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला मला जाग आली ती कशाने, हे मला नेमकं आठवत नाही. खोक्यात पाच पिल्लं सावळीच्या पोटाशी रांगेत होती. पिवळा दुसऱ्या टोकाला, गादीच्या कडेला, एकटा. मी उचलून पोटाशी लावला. सावळीने त्याला हुंगलं आणि नाकाने बाजूला सारलं. मी पुन्हा लावला, तिने पुन्हा सारला. तोंडात आचळ दिलं तरी तो लुचेना. हातात घेतला तर फरशीसारखा गार.

आई उठून आली होती. ती म्हणाली, "भुकेला असेल गं. पोटात दोन थेंब गेले की तरतरी येईल." मलाही तेच वाटलं. दुसरं काही सुचलंच नाही. कोणी मलूल दिसलं की पहिला प्रश्न आपल्या तोंडी येतो तो, काही खाल्लंस का. पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणून ठेवली होती, ती कोमट पाण्यात कालवली, ड्रॉपर घेतला. पिवळ्याला तळहातावर उताणा धरला, बाळाला धरतात तसा, आणि थेंब थेंब तोंडात सोडत गेले. एकदा नाकातून दुधाचा बुडबुडा आला. मी तो पुसला आणि पुढे पाजत राहिले. तीन मिली दूध गेलं. त्याचं पोट थोडं भरल्यासारखं दिसलं तेव्हा मला केवढं हायसं वाटलं. त्याला भावंडांमध्ये ठेवून मी झोपले, आणि मला गाढ झोप लागली.

सहाला उठले तर तो पुन्हा कडेला होता. पोट टणक, नाकाशी वाळलेलं दूध.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. हाताला कसा लागत होता, धरला कसा होतास, दूध किती दिलंस. मी सांगितलं. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी ऊब द्यायची असते गं. दूध नंतर."

त्यानंतर त्यांनी जे समजावलं आणि मी पुढे महिनाभर जे वाचत राहिले, ते सगळं या एका वाक्याभोवती फिरतं. नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. थंडी वाजली की आपण कुडकुडतो, स्नायू थरथरतात, त्यातून उष्णता निघते. पिल्लाला पहिला आठवडाभर कुडकुडताच येत नाही. अंगावर चरबी जवळजवळ नसते. अंगाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो, म्हणून उष्णता भराभर उडून जाते. निरोगी पिल्लाचं तापमानसुद्धा पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंशांच्या आसपासच असतं. मोठ्या कुत्र्याचे ३८-३९ अंश गाठायला त्याला तीन-चार आठवडे लागतात. तोवर त्याची ऊब म्हणजे आईचं पोट आणि भावंडांची अंगं.

तापमान साधारण साडेचौतीसच्या खाली गेलं की आतडी थांबतात. जे पोटात गेलं ते पुढे सरकत नाही, पचत नाही, तिथेच नासतं आणि पोट फुगतं. गिळण्याची क्रियाही मंदावते, त्यामुळे दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतं. पिल्लू उताणं असेल तर हा धोका आणखी वाढतो, कारण कुत्र्याचं पिल्लू आईचं दूध कधीच उताणं पडून पीत नाही. ते पालथं असतं, मान किंचित वर, पुढचे पंजे आईच्या पोटावर रेटत. नाकातून आलेला तो बुडबुडा म्हणजे दूध चुकीच्या वाटेला लागल्याची खूण होती. मी तो पुसून टाकला होता.

पिवळा भुकेला होता हे खरंच. पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा इतका थोडा असतो की काही तास लुचलं नाही तर रक्तातली साखर उतरते. साखर उतरली की अंगात जोर राहत नाही, जोर नाही म्हणून लुचता येत नाही, लुचलं नाही म्हणून अंग गार पडतं, आणि गार पडलं की आतडी थांबतात. एकदा या भोवऱ्यात सापडलं की पिल्लू एका रात्रीत जातं. आणि यातून बाहेर काढायची सुरुवात उबेपासूनच करावी लागते. आईने आणि मी भूक पाहिली. हाताला लागणारा गारवा मला कळला होता, तरी त्याचा अर्थ मला लागला नाही.

सावळीवर मी त्या दिवशी रागावले होते. आपल्याच पोटच्या लेकराला नाकाने ढकलणारी आई, असं काहीतरी माझ्या मनात आलं होतं. पुढे कळलं की बहुतेक कुत्र्या गार पडलेल्या, हालचाल न करणाऱ्या पिल्लाला बाजूला सारतात. जन्मल्या क्षणापासून पिल्लू आईला सांगत असतं की मी आहे. उबेने सांगतं, धडपडीने सांगतं, आवाजाने सांगतं. पिवळ्याकडून यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. तिच्या पोटाशी पाच तोंडं होती. मी सावळीच्या मानेवरून हात फिरवला तेव्हा तिने माझं मनगट चाटलं. माझ्या बोटांना अजून दुधाचा वास येत होता.

पिवळ्याचं दुर्दैव तो शेवटी आला तिथूनच सुरू झालं होतं. पहिल्या दुधाला आपल्याकडे चीक म्हणतात. गाय व्यायली की चीक आठवतो, पण कुत्रीचाही चीकच. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भातच वारेतून मिळालेली असतात. कुत्र्याच्या वारेची रचना वेगळी असते, तिच्यातून जेमतेम पाच-दहा टक्केच पार होतात. बाकी सगळी शिदोरी चिकातून. आणि ती घ्यायची मुदत फार थोडी असते. जन्मल्यावर पहिले काही तास आतड्याची भिंत ही द्रव्यं जशीच्या तशी रक्तात जाऊ देते, मग ती वाट अरुंद होत जाते, आणि चोवीस तासांत बंद होते. चीक नंतर कितीही प्यायला तरी पोट भरतं, पण ती शिदोरी रक्तात पोचत नाही. लाल आणि हिरवा कितीतरी आधी आले होते, दणकट होते, भरलेली आचळं धरून बसले होते. पिवळा आला तेव्हा दमलेली आई, दमलेलं पिल्लू आणि पाच जणांची गर्दी. त्या पहिल्या बारा तासांत मी त्याला हाताने धरून, बाकीच्यांना थोडं बाजूला करून, पुन्हा पुन्हा आचळाला लावायला हवं होतं. मी तेव्हा त्याचे फोटो काढत होते.

त्याच दिवशी दुपारी डॉक्टर घरी आल्या. एकेकाच्या तोंडात करंगळी घालून त्यांनी टाळू चाचपली. निळ्यापाशी त्यांचं बोट थांबलं. टॉर्च लावून मला दाखवलं. टाळूत मागपर्यंत चीर होती. लुचताना दूध नाकात जात होतं, आणि छातीला कान लावला तर श्वासात बुडबुड ऐकू येत होती. चीर लहान असेल तर अशी पिल्लं नळीने दूध घालून वाढवतात आणि काही महिन्यांनी शस्त्रक्रिया करतात. निळ्याची फुफ्फुसं आधीच भरली होती. आम्ही त्याला त्रासातून सोडवायचं ठरवलं. मी त्याला हातात धरलं होतं. निळ्याचं जाणं मला सोसलं. पिवळ्याचं आजही सोसत नाही.

उरली चार.

तिथून पुढे मी वहीला चिकटले. सकाळ-संध्याकाळ वजन. स्वयंपाकघरातला काटा, त्यावर एक वाडगा, वाडग्यात मऊ फडका. पहिल्या दिवशी वजन थोडं उतरतं, ते चालतं. पण उतार दहा टक्क्यांकडे झुकला, किंवा दुसऱ्या दिवशीही वजन चढलं नाही, तर ती धोक्याची घंटा. नंतर रोज पाच ते दहा टक्क्यांची भर हवी, आणि आठ-दहा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, कारण चार ग्रॅम कमी झालेलं पिल्लू अगदी कालच्यासारखंच दिसतं. काटा ते आदल्या संध्याकाळीच सांगतो. घरात पिल्लं होणार असतील तर मी प्रत्येकाला आधी ग्रॅम दाखवणारा काटा घ्यायला सांगते. मऊ गादी, खेळणी, पट्टे, सगळं नंतर.

दुसरं शिकले ते ढीग वाचायला. चारही पिल्लं एकमेकांवर मुटकुळं करून, घट्ट चिकटून, कुरकुरत असतील तर खोकं गार आहे. हातपाय पसरून एकमेकांपासून लांब पडली असतील, तोंड उघडून धापत असतील, तर फार गरम झालंय. अंगाला अंग लागलेलं पण सैल, शांत, मध्येच एखादा पाय उडतोय, असा ढीग बरोबर. पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा २९ ते ३२ अंशांवर लागते, मग हळूहळू कमी करत न्यायची. मी गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच टोकाला ठेवत असे. सगळं खोकं तापवायचं नाही, कारण पिल्लाला उकडलं तर सरकायला जागा हवी, आणि दुबळं पिल्लू सरकूही शकत नाही, जागच्या जागी भाजतं. उष्णतेने गेलेली पिल्लंही थोडी नसतात.

झोपेत पाय उडणं, ओठ थरथरणं, अंग दचकणं हे पाहून सुरुवातीला माझ्या पोटात गोळा यायचा. मला ते झटके वाटायचे. डॉक्टर म्हणाल्या, "ते थांबलं तर मला फोन कर." पिल्लं दिवसातला बहुतेक वेळ झोपलेली असतात, आणि झोपेतच त्यांचे स्नायू असे घडत असतात. निपचित, जराही न हलता झोपलेलं पिल्लू उलट काळजीचं. रात्री उठून मी ते फुदफुदणारे पाय बघत बसायचे. बोटभर लांबीचे पाय, तळवे गुलाबी, नखं केसाएवढी बारीक.

पाचव्या दिवशी पांढऱ्याचा आकडा अडला. २६८, २६०, २७४, २९०, आणि मग २९१. संध्याकाळी २८४. तो कण्हत होता, लुचायला लागला की दोन घोट घेऊन सोडून देत होता. मी व्हॅसलीन लावून थर्मामीटर घातला. ३४.१.

आईने दुधाच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. तिने नुसता दिवा मोठा केला.

मी सदऱ्याची वरची बटणं काढली आणि पांढऱ्याला छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवला, वरून शाल घेतली. डॉक्टरांनी बजावलं होतं, घाई करायची नाही. गार पिल्लाला एकदम तापवलं तर कातडीच्या रक्तवाहिन्या झटकन उघडतात, आतल्या अवयवांचं रक्त बाहेर ओढलं जातं आणि पिल्लू कोसळतं. एक ते तीन तास लागू द्यायचे. मी भिंतीला टेकून बसले. पहिला अर्धा तास माझ्या छातीवर नुसता एक गारवा होता, ओल्या रुमालासारखा. हालचाल नाही. बोट लावून ठेवलं की ठोके कळत, पण नवजात पिल्लाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या पुढे असायला हवेत आणि हे मला बोटाने मोजता येत होते, इतके सावकाश. दर पंधरा मिनिटांनी मी त्याला दुसऱ्या कुशीवर वळवत होते. ३४.४. ३४.९. दुधाची वाटी समोर झाकून ठेवलेली. त्या वाटीकडे न बघणं ही त्या रात्रीची सगळ्यात अवघड गोष्ट होती. हातात देण्यासारखं काही असताना ते न देता बसायचं.

दीड तासाने त्याने डोकं उचललं. नाक डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, लंबकासारखं. डोळे मिटलेले, कान बंद, तरी पिल्लू असं शोधत जातं, आणि ते काय शोधतं तर वास आणि ऊब. कुत्र्याच्या नाकाच्या ओल्या शेंड्याला थोड्या अंतरावरून येणारी मंद उष्णताही कळते, असं २०२० साली संशोधकांनी मोठ्या कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं. ते वाचलं तेव्हा मला पांढऱ्याचं हे डोकं आठवलं. माझ्या गळ्याच्या खळग्यापाशी येऊन ते थांबलं, आणि त्याने तिथली कातडी तोंडात धरली. पकड होती. दात नसलेल्या हिरड्यांची, पण पकड होती.

३५.८ झाल्यावर डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे ग्लुकोजच्या पाण्याचे थेंब बोटाने हिरड्यांना चोळले. मग थोड्या वेळाने त्याला सावळीच्या मागच्या आचळाला लावलं. मागच्या आचळांना दूध जास्त असतं, तिथून जांभळ्याला उठवावं लागलं, तो फार चिडला. पांढरा लुचू लागला. पंजे आईच्या पोटावर रेटले जाऊ लागले, आधी एक, मग दुसरा. सावळीने त्याला हुंगलं, आणि चाटायला लागली. पोटाखालून चाटलं तशी त्याने शू केली, फिकट, पाण्यासारखी. पहिले तीनेक आठवडे पिल्लांना आपण होऊन शू-शी करता येत नाही, आईच्या चाटण्यानेच ती होते, आणि शूचा रंग गडद पिवळा असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय असं समजायचं. गादीवर उमटलेल्या त्या फिकट डागावर मी टॉर्च मारून बघितलं, आणि आईला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला तपासताना नागिणीच्या विषाणूंच्या जातीतल्या एका विषाणूचं नाव घेतलं. हा हर्पीस विषाणू मोठ्या कुत्र्यांत फारसं काही करत नाही, पण पहिल्या तीन आठवड्यांतल्या पिल्लांची वेतंच्या वेतं नेतो. सुदैवाने पांढऱ्याला तो नव्हता, आतड्याचा साधा बिघाड होता. पण त्या विषाणूबद्दल एक गोष्ट मी विसरले नाही. तो कमी तापमानात फोफावतो. सदतीस अंशांच्या खालचं अंग त्याला मानवतं, म्हणजे नेमकं नवजात पिल्लाचं अंग. म्हणूनच विण्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे कुत्रीला परक्या कुत्र्यांपासून लांब ठेवायला सांगतात.

पुढचे दिवस भराभर गेले. बाराव्या दिवशी लालचे डोळे किलकिले झाले, दोन दिवसांत सगळ्यांचे. मग कान उघडले, आणि आईने स्वयंपाकघरात भांडं आपटलं की चारही डोकी एकदम वर व्हायची. दोन आठवडे झाले तेव्हा जंताचं पहिलं औषध, मग दर दोन आठवड्यांनी. गोल जंताच्या अळ्या आईच्या पोटात असतानाच पिल्लांत उतरलेल्या असतात, त्यामुळे स्वच्छ घरातल्या पिल्लांनाही जंत असतातच. तिसऱ्या आठवड्यात सावळीने आमचा जीव खालीवर केला. धापा टाकायला लागली, पाय ताठ, अंग थरथरतंय. दुधातून एवढं कॅल्शियम जातं की आईच्याच रक्तातलं ते कमी होतं. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं आणि ती तासाभरात उठून बसली. त्या एका दिवसात चारही पिल्लांना मी ड्रॉपरने पाजलं, पालथी धरून, मान किंचित वर ठेवून, आणि प्रत्येकाच्या पोटाला आधी हात लावून.

वेगवेगळ्या अभ्यासांत दिसतं की दूध तुटायच्या आत दहातली एक ते तीन पिल्लं दगावतात, आणि त्यातली बहुतेक पहिल्याच आठवड्यात. हे वाचून मला थोडा धीर आला होता. सहातली दोन, म्हणजे जगात होतं तसंच झालं. पण वहीचं पान उघडलं की तो धीर टिकत नाही. पानावर सरासरी नाही, २०८ आणि १९६ आहेत.

मागच्या हिवाळ्यात रात्री अडीचला फोन वाजला. मावशीच्या नातीचा होता. तिच्या कुत्रीला तीन दिवसांपूर्वी पिल्लं झाली होती. आवाज रडवेला.

"ताई, एक पिल्लू पीतच नाहीये. आई पण त्याला जवळ घेत नाही. मी दूध कोमट करून ठेवलंय. ड्रॉपरनं घालू का? किती घालू?"

मी अंथरुणात उठून बसले.

"दूध बाजूला ठेव," मी म्हटलं. "पिल्लू कुठंय?"

"इथेच. टॉवेलावर."

"उचल त्याला. पोटाला हात लाव. हाताला कसं लागतंय ते सांग मला."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग टॉवेलाची खसखस. मी कान लावून बसले.